नाणी, पोथ्या आणि संभाव्यता : दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना मुख्यत्वे भर्तृहरीच्या सुभाषितांच्या चिकित्सक आवृत्तीमुळे परिचित आहे. या आवृत्तीचे संपादक व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट बहुधा एक नवल म्हणून सांगितली जाते. वास्तविक त्यांच्या गणितात आणि ग्रंथसंपादनात एकच प्रश्न पुनःपुन्हा भेटतो : हाती आलेल्या थोड्या अवशेषांवरून, न दिसणाऱ्या समग्राविषयी कितपत खात्रीने बोलता येईल? गणिती संख्याशास्त्राचा मूळ प्रश्नही हाच होय.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. बौद्ध धर्माचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. 1918 मध्ये वडिलांबरोबर ते अमेरिकेस गेले व 1929 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर होऊन परतले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यावर 1933 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. पुढील वर्षी त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक लाभले. त्यांचा मूळ विषय भूमिती हा होता. संख्याशास्त्राकडे ते स्वतःच्या प्रयत्नाने वळले. विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुण तपासून पाहिल्यावर त्यांची दृष्टी प्राचीन नाण्यांकडे गेली.

तक्षशिलेच्या भीर टेकाडात 1924 साली सापडलेल्या निधीत हजाराहून अधिक आहत नाणी होती. त्यांच्यावर राजाचे नाव नाही, वर्षही नाही. केवळ चिन्हे आहेत. तेव्हा त्यांचा काळाचा क्रम कसा लावावा? एकट्या नाण्याच्या वजनावरून काहीच ठरत नाही, कारण ते मुळातच थोडे हलके पाडलेले असू शकते. परंतु एकाच प्रकारच्या पुष्कळ नाण्यांचा समूह घेतला, की दोन गोष्टी दिसू लागतात. हातोहाती फिरताना नाणी झिजतात, म्हणून समूहाचे सरासरी वजन घटत जाते. आणि प्रत्येक नाणे सारखे झिजत नाही, म्हणून वजने सरासरीभोवती अधिकाधिक विखुरतात. या विखुरण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. नाण्यांच्या मागील बाजूच्या लहान ठशांची संख्या वाढते तसे वजन घटते, हेही कोसंबींनी दाखविले. पडताळा म्हणून त्यांनी चालू चलनातील हजारो नाणी स्वतः तोलली. 1940 पासून प्रसिद्ध झालेल्या या लेखांतील काही निष्कर्ष नाणकशास्त्रज्ञांना पुढे मान्य झाले नाहीत. पण मूक धातूला प्रश्न विचारण्याची एक रीत त्यांतून सिद्ध झाली.

1943 मध्ये त्यांनी याच शास्त्राच्या पायाशी निगडित असा एक निबंध लिहिला. ज्या ठिकाणी प्रत्येक निरीक्षण ही एक संख्या नसून संपूर्ण वक्ररेषा असते, तेथे संख्याशास्त्र कसे चालवावे, हा त्याचा विषय. कार्हुनेन व लोएव्ह यांच्या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या पद्धतीची पूर्वसूचना त्यात होती. त्याच सुमारास आनुवंशिकीत त्यांनी दिलेले सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते.

भर्तृहरीच्या पोथ्यांनी मात्र या विचाराची दुसरी बाजू समोर आणली. नमुन्यातील निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असावीत, अशी संख्याशास्त्राची एक सर्वसाधारण अट असते. पोथ्या तशा नसतात. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या पन्नास पोथ्या म्हणजे पन्नास साक्षीदार नव्हेत. म्हणून नुसती मोजदाद न करता कोसंबींनी शेकडो हस्तलिखितांचे वंश आणि प्रदेश लावले. 1948 च्या आवृत्तीत त्यांनी सर्व परंपरांना समान असे सुमारे दोनशे श्लोक प्रथम ठेवले, संदिग्ध श्लोक त्यानंतर आणि उरलेले अखेरीस. तीन शतकांचा पारंपरिक आकडा त्यांनी बळेच भरून काढला नाही. 1957 मध्ये वा. वि. गोखले यांच्यासमवेत त्यांनी विद्याकराचा सुभाषितरत्नकोशही संपादित केला.

ही मर्यादा गणितात मात्र त्यांना सांभाळता आली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाला हात घातला. त्यावरील त्यांचा निबंध 1959 मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला गेला. अविभाज्य संख्या यदृच्छेने पडत नाहीत. त्या ठरलेल्या आहेत. त्यांच्याविषयीचे विधान अतिशय संभवनीय आहे असे दाखविणे म्हणजे ते सिद्ध करणे नव्हे. तज्ज्ञांनी ती सिद्धता स्वीकारली नाही आणि कोसंबींच्या गणिती प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. अणुऊर्जेच्या धोरणाविषयीचा त्यांचा विरोधही जाहीर होता. 1962 मध्ये संस्थेतील त्यांची सेवा संपली. ती पुढे वाढविण्यात आली नाही.

29 जून 1966 रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नाण्यांच्या बाबतीत त्यांनी संभाव्यतेला बोलते केले, पोथ्यांच्या बाबतीत तिला आवर घातला, आणि अविभाज्य संख्यांच्या बाबतीत तिच्याकडून निश्चितीची अपेक्षा केली. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला या तिन्ही प्रसंगांतून घेण्यासारखे आहे. पुराव्याचे बळ किती आणि तो कोठे थांबतो, हे त्यालाही प्रत्येक श्लोकापाशी ठरवावे लागते.