तानुबाई बिर्जे यांचे ऋण आणि आपली वर्गणी

दरवर्षी ३१ जानेवारी आली की आमच्या वणीतही 'मूकनायक'चे स्मरण होते. विहारात कार्यक्रम होतो, हार घातले जातात, भाषणे होतात. वक्ते 'दीनबंधू'पासून सुरुवात करतात, कृष्णराव भालेकर आणि नारायण मेघाजी लोखंडे यांची नावे घेतात आणि तेथून थेट १९२० वर येतात. मधल्या काळात हे पत्र एका स्त्रीने चालवले, हे सांगायचे मात्र राहून जाते. आम्हीही अशी भाषणे केली आहेत, म्हणून आज हा खुलासा करणे आम्हाला भाग आहे. त्या स्त्रीचे नाव तानुबाई बिर्जे.

तानुबाईंचा जन्म १८७६ सालचा, पुण्यातला. वडील देवराव ठोसर सत्यशोधक विचारांचे. क्रांतिबा जोतीराव आणि सावित्रीमाई यांच्याशी या घराचा निकटचा संबंध होता. फुल्यांच्या शाळेत तानुबाई शिकल्या. ज्या काळात बहुजनांच्या मुलीच्या हाती पाटी देणे हाच गुन्हा समजला जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे. १८९३ साली वासुदेवराव लिंगोजी बिर्जे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तोही सत्यशोधक पद्धतीने. वासुदेवराव अभ्यासू गृहस्थ होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी ते ग्रंथपाल होते.

'दीनबंधू' हे पत्र भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात काढले. शेतकरी, कारागीर आणि कामगार यांचे म्हणणे मांडणारे ते बहुजनांचे पहिले पत्र. पैशाअभावी ते पुण्यात टिकेना. १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईस नेले आणि गिरणी कामगारांचे हत्यार बनवले. विधवांच्या केशवपनाविरुद्ध नाभिक बांधवांना उभे करणारेही लोखंडेच. १८९७ साली प्लेगने त्यांचा बळी घेतला आणि पत्राचा आधार गेला. पुढे बिर्जे दांपत्याने ते पुन्हा उभे केले. वासुदेवरावांनी बडोद्याची नोकरी सोडून त्याला वाहून घेतले. त्यांच्या निधनानंतर पत्र बंद पडले असते, तर कोणीही तानुबाईंना दोष दिला नसता. एका विधवेने घरात बसावे हीच तेव्हाची रीत होती. तानुबाई संपादकाच्या खुर्चीवर बसल्या आणि १९१२ पर्यंत त्यांनी 'दीनबंधू' चालवला.

तो काळ कसा होता, हे वकील म्हणून आम्हाला विशेष जाणवते. १९०८ मध्येच टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी वृत्तपत्रांवर नवा कायदा आला. १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टने तर छापखान्यांकडून अनामत रक्कम मागण्याचा आणि ती जप्त करण्याचा अधिकार सरकारला दिला. मोठमोठे संपादक लेखणी जपून चालवू लागले होते. अशा वेळी तानुबाई बहुजनांचे शिक्षण, स्त्रियांचे शिक्षण आणि कायदेमंडळातील बहुजनांचे प्रतिनिधित्व यांवर लिहीत होत्या. अग्रलेखात त्या तुकोबांच्या अभंगांचा आधार घेत. पुढे बाबासाहेबांनीही 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकोबांनाच स्थान दिले.

स्त्रियांसाठीची मासिके स्त्रियांनी त्यापूर्वीही चालवली होती. पण राजकारण आणि समाजकारण यांवर मत देणारे सर्वांसाठीचे वृत्तपत्र एका बहुजन स्त्रीने चालवावे, ही गोष्ट वेगळी. तिला पाकक्रिया आणि विणकामाच्या सदरात कोंडता येत नव्हते. १९१३ साली, वयाची चाळिशीही न गाठता, तानुबाई गेल्या. प्रस्थापितांच्या पत्रकारितेच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली नाही, यात नवल नाही. पण आपल्याही घराघरांतल्या फोटोंत त्या नाहीत, याचे उत्तर आपणच द्यायचे आहे.

अशी पत्रे पगारी नोकरांवर चालत नसतात. मजकूर गोळा करणे, प्रूफे तपासणे, अंकांना वेष्टने घालणे, पत्ते लिहिणे, टपालात टाकणे, हे सारे कोणीतरी बिनमोबदला करतो. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागले आणि तरीही वर्गणीसाठी समाजापुढे हात पसरावा लागला. नागपूरच्या मीनाक्षी मून यांनी 'आम्ही मैत्रिणी' हे स्त्रियांचे मासिक काढले, तेही चळवळीच्या निष्ठेवर.

काही वर्षांपूर्वी आमच्या वणीतल्या काही भगिनींनी असाच एक छोटा अंक काढला होता. कोणी अंगणवाडीत काम करणाऱ्या, कोणी कोळसा खाणीतल्या कामगारांच्या पत्नी. रात्री स्वयंपाक आटोपून त्या लिहीत. तीन अंक निघाले. चौथ्याचा मजकूर तयार होता, पण छपाईचे पैसे जमले नाहीत. त्याच वर्षी जयंतीच्या डीजेला मात्र वर्गणी कमी पडली नाही. आम्ही डीजेची पावती फाडली. अंकाची वर्गणी पुढच्या महिन्यात देऊ म्हणालो, आणि तो महिना आलाच नाही. त्या भगिनी आजही भेटतात, जयभीम घालतात. अंकाचा विषय त्याही काढत नाहीत, आम्हीही काढत नाही.

तानुबाईंनंतर 'दीनबंधू' पूर्वीच्या तेजाने उभा राहिला नाही. एक संपादिका गेली की तिच्यासोबत एक व्यासपीठ जाते, आणि ते पुन्हा उभारायला पिढी जाते. म्हणून तानुबाईंचे स्मरण करायचे असेल तर केवळ हार नको. आपल्या गावात, आपल्या जिल्ह्यात स्त्रिया काढत असलेला एखादा अंक शोधा, त्याची वर्षाची वर्गणी आगाऊ भरा, आणि संपादक म्हणून तिचेच नाव छापले जाईल हे पाहा. तिच्या नवऱ्याचे वा एखाद्या नेत्याचे नव्हे.

आमची राहिलेली वर्गणी घेऊन आम्ही या आठवड्यात त्या भगिनींकडे जात आहोत. चौथ्या अंकाचा मजकूर त्यांनी जपून ठेवला असेल, अशी आशा आहे.

जयभीम!