दोन हंगामांच्या मधला खेळ

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि बुलढाणा, खामगाव, मलकापूर, शेगाव येथील मैदानेही ओस पडली. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांकडे डोळे लावून सराव करणाऱ्या मुलामुलींपुढे पुढच्या हंगामाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. त्याच महिन्याच्या ११ तारखेला अमेरिकेतील एनबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा स्थगित झाली. दुसऱ्याच दिवशी तेथील महाविद्यालयीन संघांची राष्ट्रीय स्पर्धा रद्द करण्यात आली. १९३९ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा महायुद्धातही थांबली नव्हती. बास्केटबॉलवर प्रेम करणाऱ्यांना त्या दिवसांत जेम्स नेस्मिथ यांची आठवण होणे स्वाभाविक होते. कारण या खेळाचा जन्मच मुळी हंगामात पडलेल्या खंडातून झाला.

नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, आल्मॉन्ट गावाजवळ झाला. १८७० मध्ये विषमज्वराने त्यांचे आईवडील काही आठवड्यांच्या अंतराने गेले. पोरका जेम्स आजीच्या आणि पुढे मामाच्या घरी वाढला. मध्येच शाळा सोडून त्याने काही वर्षे लाकूडतोडीची कामे केली आणि वय उलटून गेल्यावर पुन्हा शाळेच्या बाकावर येऊन बसला. गावातील मुले तेव्हा आपल्या लगोरीच्या जवळचा एक खेळ खेळत. मोठ्या दगडावर ठेवलेला लहान दगड दुरून नेम धरून पाडायचा. सारी ताकद लावून भिरकावलेल्या दगडापेक्षा कमान करून अलगद टाकलेला दगड अधिक कामी येतो, हे त्या पोराच्या मनात तेव्हाच ठसले असावे.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी धर्मशास्त्राचाही अभ्यास पूर्ण केला. मात्र माणसाचे चारित्र्य व्यासपीठावरून जितके घडवता येते, तितकेच ते मैदानावरही घडवता येते, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेपोटी धर्मोपदेशकाची वाट सोडून ते १८९० मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले.

तेथील हिवाळा कडक असे. फुटबॉलचा हंगाम सरलेला आणि बेसबॉलचा वसंतात सुरू होणारा. मधले महिने बंदिस्त व्यायामशाळेत कवायत करण्यात जात. १८ विद्यार्थ्यांचा एक वर्ग या कवायतीला इतका कंटाळला, की दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्या स्वाधीन केला आणि नवा खेळ शोधण्यासाठी १४ दिवसांची मुदत दिली.

मैदानी खेळ छपराखाली आणण्याचे त्यांचे पहिले प्रयत्न फसले. मग त्यांनी खेळातील दांडगाई येते कोठून, याचा विचार केला. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवावे लागते, म्हणून धक्काबुक्की होते. तेव्हा चेंडू घेऊन पळण्यासच मनाई करावी. गोल समोर उभा असला की जोराचा फटका मारला जातो. तेव्हा गोल डोक्याच्या वर आडवा टांगावा, म्हणजे चेंडू अलगदच टाकावा लागेल. शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकण्यात आल्या. कठडा जमिनीपासून १० फूट उंच होता. आजही बास्केटची उंची तेवढीच आहे. २१ डिसेंबर १८९१ रोजी १३ नियमांचा कागद भिंतीवर लागला आणि प्रत्येकी ९ खेळाडूंचे दोन संघ फुटबॉलचा चेंडू घेऊन समोरासमोर उभे राहिले. त्या सामन्यात एकच गोल झाला.

त्या १८ जणांनी हा खेळ सर्वदूर नेला. त्यांच्यापैकी डंकन पॅटन यांनी १८९४ मध्ये तो भारतात आणल्याचे मानले जाते. स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेल्या हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे केले.

नेस्मिथ यांनी पुढे वैद्यकीय पदवी मिळवली आणि १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. तेथे त्यांनी महाविद्यालयीन संघ उभारला आणि १९०७ पर्यंत त्याचे मार्गदर्शन केले. या काळात संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेले कॅन्ससचे ते आजवरचे एकमेव प्रशिक्षक आहेत. ज्याने खेळ शोधला, त्याच्याच नावावर ही नोंद असावी, हा दैवदुर्विलास वाटेल. नेस्मिथ यांना मात्र त्याची खंत नव्हती. खेळ खेळण्यासाठी असतो, त्याचे धडे द्यावे लागत नाहीत, असेच त्यांचे मत होते. त्यांच्याच विद्यार्थ्याने, फॉग ॲलन यांनी, पुढे प्रशिक्षणाचे शास्त्र रचले आणि गुरूला विजयांच्या संख्येत कितीतरी मागे टाकले. पहिल्या महायुद्धात नेस्मिथ फ्रान्समध्ये सैनिकांच्या सेवेत होते. आपल्या शोधातून त्यांनी संपत्ती उभी केली नाही. त्यांच्या १३ नियमांचा मूळ कागद २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. त्यांना जाऊन तेव्हा ७१ वर्षे उलटली होती.

१९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला. अमेरिकेतील प्रशिक्षकांनी वर्गणी काढून वृद्ध नेस्मिथ यांना तेथे पाठवले. २१ देशांचे संघ आपला खेळ खेळताना त्यांनी डोळे भरून पाहिले. अंतिम सामना उघड्यावर, पावसाने चिखल झालेल्या मैदानात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे नमवले. त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने आपल्या विदर्भातील, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवण्यासाठी बर्लिनला गेले होते. मैदानातून माणूस घडतो, हा विश्वास दोघांनाही तेथवर घेऊन गेला होता. तीन वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९३९ रोजी, लॉरेन्स येथे नेस्मिथ यांचे निधन झाले. महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेच हे वर्ष.

मार्च २०२० मध्ये ती स्पर्धा रद्द झाली, तेव्हा देशात अग्रस्थानी होता तो नेस्मिथ यांचाच कॅन्ससचा संघ. ३१ पैकी २८ सामने त्याने जिंकले होते. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, कॅन्ससने विजेतेपद मिळवले. परंतु ज्यांचे महाविद्यालयीन जीवन २०२० मध्ये संपले, त्यांना तो हंगाम परत मिळाला नाही. व्यावसायिक खेळाडूला पुढचे वर्ष असते. विद्यार्थ्याचे शेवटचे वर्ष एकदाच येते. बुलढाण्याच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलीचे नुकसानही याहून निराळे नव्हते. तिच्या नुकसानीची नोंद कोणत्याही गुणतक्त्यात होत नाही, एवढाच काय तो फरक.

या हानीवर नेस्मिथ यांच्या आयुष्यात उतारा सापडत नाही. पण हंगाम थांबला, तर खेळही थांबलाच पाहिजे असे नाही, हे त्यांनी दोन टोपल्या आणि एका चेंडूच्या बळावर दाखवून दिले. करंडक हा हंगामाचा असतो, खेळ हा खेळणाऱ्याचा. ५५ विजय आणि ६० पराभवांचा धनी असलेल्या या प्रशिक्षकाने मागे ठेवलेली शिकवण ती हीच.