डोरोथिया लँग : खिडकीतून रस्त्यावर

आपल्या कॉलेजच्या फोटो प्रदर्शनात दरवर्षी सूर्यास्त, फुलं आणि पाण्याचे थेंब भरपूर असतात. माणसं मात्र बहुतेक पाठमोरी! कारण साधं आहे. अनोळखी माणसासमोर कॅमेरा धरायचा म्हटलं की हात जड होतो. गेटबाहेरच्या चहावाल्या मावशींचा फोटो काढायला मी दोन सेमिस्टर घालवली, आणि शेवटी काढला तोही हॉस्टेलच्या गच्चीवरून झूम करून. त्यामुळे डोरोथिया लँगबद्दल वाचलं तेव्हा जरा धीर आला. एवढी जगप्रसिद्ध बाई, पण स्टुडिओतून रस्त्यावर यायला तिलाही चौदा वर्षं लागली.

तिचा जन्म १८९५ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या होबोकेनचा. सातव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. ओळखीचं कुणी समोर दिसलं की आई तिला नीट चालायला सांगायची. हे तिला फार लागायचं. बाराव्या वर्षी वडील घर सोडून गेले. आई न्यूयॉर्कमध्ये एका वाचनालयात नोकरीला लागली, आणि ही लंगडणारी पोरगी शाळेनंतर एकटीच बावरी भागातून घरी जाऊ लागली. बावरी म्हणजे दारुडे आणि बेघर लोकांची वस्ती. तिथे आपल्याकडे कुणाचं लक्षच जाऊ नये असा चेहरा ठेवून चालायचं कसं, हे ती तिथेच शिकली.

शाळा संपल्यावर तिने जाहीर केलं की मी फोटोग्राफर होणार. तेव्हा तिच्याकडे कॅमेरासुद्धा नव्हता! १९१८ मध्ये ती मैत्रिणीबरोबर जगप्रवासाला निघाली, पण सॅन फ्रान्सिस्कोत पैसे चोरीला गेले आणि प्रवास तिथेच संपला. पुढच्या वर्षी तिने तिथे पोर्ट्रेट स्टुडिओ टाकला. श्रीमंत गिऱ्हाइकं यायची, धंदा छान चालायचा.

मग मंदी आली. स्टुडिओच्या खिडकीतून रोज खाली हिंडणारे बेकार लोक दिसायचे. जवळच एका बाईने गरिबांसाठी अन्नवाटप सुरू केलं होतं, तिथे रांग लागायची. १९३३ मध्ये एके दिवशी ती कॅमेरा घेऊन खाली उतरली. मित्रांनी जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. भीती वाटत होती, म्हणून तिने भावाला सोबत नेलं. (हॉस्टेलमध्ये रूममेट असतो, हा मुद्दा लक्षात घ्यावा.) कॅमेरा ग्राफ्लेक्स, म्हणजे मोठं खोकंच, लपवायची सोयच नाही. गर्दीकडे पाठ करून, कठड्याला टेकून, हात जुळवून उभा असलेला चुरगळल्या टोपीचा एक म्हातारा तिने टिपला. तो फोटो स्टुडिओच्या भिंतीवर लावला. गिऱ्हाइकं विचारायची, याचं तू करणार काय? तिलाही ते माहीत नव्हतं.

पण भीड चेपली. १९३५ पासून ती सरकारसाठी शेतमजुरांचे फोटो काढत गावोगाव हिंडली. तिची पद्धत मला फार आवडते. मजुरांकडे जाऊन प्यायला पाणी मागायचं आणि ते सावकाश प्यायचं. मुलांना कॅमेरा हाताळू द्यायचा. तिचं लंगडणं लोकांना दिसायचंच, आणि त्यामुळेच आपल्याला लोकांनी जवळ केलं असं ती पुढे मानत असे. जो पाय आईला लपवायचा होता, तोच कामी आला!

मार्च १९३६. महिनाभराच्या दौऱ्यानंतर ती पावसात एकटी गाडी चालवत घरी निघाली होती. निपोमोजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी दिसली. थांबावं की नको, या घोळात सुमारे २० मैल पुढे गेली आणि मग गाडी वळवली. पीक गोठून गेलेलं, तंबूत ३२ वर्षांची एक आई आणि तिची मुलं. दहा मिनिटांत मोजके फोटो काढले. त्यातला शेवटचा जगभर गेला : ‘मायग्रंट मदर’. वर्तमानपत्रात बातमी आल्यावर सरकारने छावणीत सुमारे २०,००० पौंड अन्न पाठवलं. ते पोचेपर्यंत ते कुटुंब पुढे निघून गेलं होतं.

इथे मात्र डोरोथियाची बाजू मला पूर्ण घेता येत नाही. तिने त्या बाईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

१९४२ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं गेलं, त्याचे फोटो तिने सरकारसाठीच काढले. ते इतके खरे उतरले की लष्कराने युद्धभर दाबून ठेवले. १९६५ मध्ये कॅन्सरने ती गेली.

त्या फोटोतल्या बाईचा पत्ता लागला १९७८ मध्ये. या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं तिचं म्हणणं होतं. खरं तर फोटो सरकारी मालकीचा, त्यामुळे डोरोथियालाही पगारापलीकडे त्याचे काही मिळाले नव्हते. १९८३ मध्ये ती बाई आजारी पडली. उपचाराला पैसे नव्हते, म्हणून मुलांनी लोकांना मदत मागितली. फोटो ओळखणाऱ्या अनोळखी लोकांनी पत्रांबरोबर ३५,००० डॉलरहून जास्त रक्कम पाठवली. फोटो काढणारीला जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती.