चेहऱ्यावरचे पुरळ, मेंदूतल्या गाठी अन् पॅरिसचा डॉक्टर. ट्युबरस स्क्लेरोसिस ओळखणारे बोर्नव्हिल कोण होते?

छत्रपती संभाजीनगर : बाळाला फिट येते म्हणून बालरोग विभाग. अंगावर पांढरे डाग आहेत म्हणून त्वचारोग विभाग. काही वर्षांनी लघवीतून रक्त गेले म्हणून मूत्ररोग विभाग. तीन रांगा, तीन केसपेपर. पण या तिन्ही तक्रारींमागे आजार एकच असू शकतो. त्याचे नाव ट्युबरस स्क्लेरोसिस. या आजारात मेंदू, त्वचा, मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस आणि डोळे अशा अनेक अवयवांत गाठी होतात. त्याला नाव देणाऱ्या डॉ. डेझिरे-मॅग्लॉयर बोर्नव्हिल यांनाही पहिल्या रुग्णात या सगळ्या खुणांचा एकमेकींशी असलेला संबंध लागला नव्हता. तो कसा लागत गेला आणि आज निदान कसे होते, समजून घेऊ.

कॉलऱ्याच्या साथीत स्वतःहून गेलेला विद्यार्थी

बोर्नव्हिल यांचा जन्म २० ऑक्टोबर १८४० रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातील एका खेड्यात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते पॅरिसला आले. १८६६ मध्ये आमियां शहरात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा ते स्वतःहून तिथे सेवेला गेले. साथ ओसरल्यावर शहराने त्यांना कृतज्ञता म्हणून सोन्याचे घड्याळ दिले.

१८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले आणि पाठोपाठ १८७१ मध्ये पॅरिसमध्ये कम्यूनचा उठाव झाला. रुग्णालयात दाखल असलेल्या जखमी विरोधकांना ठार मारायला बंडखोर आले, तेव्हा बोर्नव्हिल आडवे आले आणि त्यांनी आपल्या रुग्णांचे प्राण वाचवले. रुग्ण कोणत्या बाजूचा, हा प्रश्न त्यांच्यासाठी नव्हताच.

१८७३ मध्ये त्यांनी ‘प्रोग्रे मेडिकाल’ हे वैद्यकीय साप्ताहिक सुरू केले. मेंदूविकारांचे त्या काळातले सर्वांत मोठे नाव म्हणजे जाँ-मार्तां शार्को. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात बोर्नव्हिल त्यांच्या हाताखाली शिकले आणि त्यांची व्याख्याने त्यांनी छापून प्रसिद्ध केली.

ती १५ वर्षांची मुलगी

साल्पेट्रिएरमध्येच बोर्नव्हिल यांच्याकडे १५ वर्षांची एक मुलगी होती. अगदी लहानपणापासून तिला झटके येत. तिसऱ्या वर्षी तिला मुलांच्या रुग्णालयात नेले, तेव्हा तिथे तिच्याबाबत आशा सोडून देण्यात आली होती. तिला चालता येत नव्हते, बोलताही येत नव्हते. नाक, गाल आणि कपाळावर बारीक लालसर पुरळ दाटलेले होते.

झटके वाढत गेले. एकामागून एक येऊ लागले. त्या काळी हाताशी असलेले सगळे उपाय झाले, अगदी कानामागे जळवाही लावून झाल्या. उपयोग झाला नाही. मे १८७९ मध्ये ती गेली.

शवविच्छेदनात मेंदूच्या वळ्यांमध्ये पांढुरक्या, घट्ट, कंदासारख्या गाठी सापडल्या. कंदाला लॅटिनमध्ये ट्युबर म्हणतात आणि घट्ट होण्याला वैद्यकीय भाषेत स्क्लेरोसिस. १८८० मध्ये बोर्नव्हिल यांनी हे प्रकरण प्रसिद्ध केले आणि आजाराला नाव मिळाले. झटक्यांचे मूळ याच गाठींत आहे, हा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता.

मूत्रपिंडातही गाठी होत्या. त्यांचा मेंदूशी काही संबंध असेल, असे तेव्हा त्यांना वाटले नाही. चेहऱ्यावरचे पुरळही वेगळे राहिले. सगळ्या खुणा एकाच मुलीच्या अंगावर असूनही जोडल्या गेल्या नाहीत.

दुसऱ्या रुग्णाने दाखवलेला धागा

१८८१ मध्ये बिसेत्र रुग्णालयात चार वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. बोर्नव्हिल आणि त्यांचे सहकारी एडुआर ब्रिसो यांनी तपासणी केली. मेंदूत तशाच घट्ट गाठी आणि मूत्रपिंडातही गाठी. एकदा दिसले तर योगायोग म्हणता येते, दुसऱ्यांदा तेच दिसले तर शोध घ्यावा लागतो. मेंदू आणि मूत्रपिंडातील गाठी एकाच आजाराच्या असाव्यात, असे मत या दोघांनी मांडले.

त्वचेचा धागा जुळायला मात्र आणखी बरीच वर्षे गेली. १९०८ मध्ये जर्मन डॉक्टर हाइनरिख फोग्ट यांनी झटके, बौद्धिक अक्षमता आणि चेहऱ्यावरचे पुरळ ही तीन लक्षणे एकत्र मांडून निदानाची रीत घालून दिली. पहिल्या मुलीच्या मृत्यूला तेव्हा २९ वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी, २८ मे १९०९ रोजी बोर्नव्हिल यांचे पॅरिसमध्ये निधन झाले.

ज्या मुलांना कोणी शिकवत नव्हते

१८७९ ते १९०५ अशी २६ वर्षे बोर्नव्हिल यांनी बिसेत्रमध्ये मुलांच्या विभागाचे काम पाहिले. बौद्धिक अक्षमता आणि फिट्स असलेल्या मुलांना तेव्हा नुसते सांभाळले जाई. बोर्नव्हिल यांनी त्यांच्यासाठी वर्ग, व्यायाम आणि शिवणकाम, सुतारकाम, छपाई अशा कामांच्या कार्यशाळा सुरू केल्या.

यासाठी पैसे आणि कायदे लागतात, म्हणून ते राजकारणातही उतरले. १८७६ मध्ये पॅरिसच्या नगर परिषदेवर आणि १८८३ मध्ये संसदेत निवडून गेले. नर्सना रीतसर प्रशिक्षण मिळावे म्हणून १८७८ मध्ये त्यांनी शाळा सुरू केल्या. रुग्णालयातील जोगिणींच्या जागी प्रशिक्षित नर्स आणण्याच्या आग्रहामुळे त्यांच्यावर टीकाही झाली.

त्यांचे आणखी एक काम आपल्याकडच्या वाचकांना जवळचे वाटेल. भूतबाधा आणि चेटकाच्या जुन्या खटल्यांची कागदपत्रे त्यांनी एका ग्रंथमालेतून पुन्हा छापली. ज्यांना झपाटलेले ठरवले, त्यांतले अनेक जण आजारी होते, हे त्यांना दाखवायचे होते. आपल्याकडे आजही आकडी आली की कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, बाहेरचे काही आहे का म्हणून आधी देवऋषी गाठला जातो. तेवढा वेळ बाळाच्या मेंदूच्या खात्यातून जातो.

हा आजार नेमका कशामुळे होतो?

आपल्या पेशींची वाढ रोखणारे दोन जनुक आहेत, टीएससी-१ आणि टीएससी-२. ते गाडीच्या ब्रेकसारखे काम करतात. त्यातला एक बिघडला की एमटॉर नावाची वाढीची यंत्रणा सुटते आणि जागोजागी गाठी होतात. या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात. मात्र कुठे आणि किती मोठ्या, यावर धोका ठरतो.

सुमारे ६,००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. जवळपास दोन तृतीयांश रुग्णांत आई-वडिलांना आजार नसतो, जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. त्यामुळे आईच्या किंवा वडिलांच्या घराण्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र पालकांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते.

कोणत्या वयात काय दिसते?

- गर्भात आणि जन्मानंतर लगेच : हृदयात गाठी. सोनोग्राफीत दिसू शकतात. अनेकदा वाढत्या वयात त्या आपोआप लहान होतात.
- तान्हेपणी : अंगावर पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग. ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असे तीन डाग असतील तर ते महत्त्वाचे लक्षण धरतात. गोऱ्या त्वचेवर ते अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली स्पष्ट दिसतात.
- पहिल्या वर्षी : बाळ अचानक कमरेतून वाकते, हात पसरते, असे झटके एकामागून एक येतात. पोटदुखी किंवा दचकणे समजून ते दुर्लक्षित राहतात.
- बालपणी : नाक आणि गालांवर लालसर पुरळ. मेंदूतील पोकळीजवळची गाठ वाढली तर पाणी अडते. डोकेदुखी, उलट्या होतात.
- मोठेपणी : मूत्रपिंडात रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबीच्या गाठी. मोठ्या झाल्यास त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. महिलांत फुप्फुसाचा त्रास दिसतो.

फोग्ट यांची तिन्ही लक्षणे एकत्र असलेले रुग्ण एक तृतीयांशाहूनही कमी असतात. म्हणून मूल हुशार आहे किंवा झटके येत नाहीत, एवढ्यावरून आजार नाही असे ठरत नाही.

निदान कसे होते?

जनुक तपासणीत टीएससी-१ किंवा टीएससी-२ मध्ये आजार घडवणारा बदल सापडला तर तेवढ्यावर निदान पक्के होते. तो सापडला नाही तरी दोन मुख्य लक्षणे, किंवा एक मुख्य आणि किमान दोन गौण लक्षणे असतील तरी निदान करता येते. त्यासाठी त्वचा आणि डोळ्यांची तपासणी, मेंदूचा एमआरआय, ईईजी, हृदयाची इको आणि मूत्रपिंडाची प्रतिमा तपासणी होते. पुढेही एमआरआय आणि रक्तदाबाची तपासणी ठरावीक काळाने करत राहावी लागते, कारण गाठी त्रास होण्याआधी पकडायच्या असतात.

उपचार आहे का?

आजार मुळापासून जात नाही, पण आवर घालता येतो. बाळाच्या त्या विशिष्ट झटक्यांवर व्हिगाबॅट्रिन हे औषध प्रथम वापरले जाते. एमटॉरला लगाम घालणारी औषधेही आहेत. त्यांचा उगम ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूत आहे. त्यापासून रॅपामायसिन वेगळे काढणारे शास्त्रज्ञ सुरेन सहगल भारतीय वंशाचे होते. याच गटातले एव्हरोलिमस २०१० मध्ये अमेरिकेत मेंदूतल्या वाढत्या गाठींसाठी मंजूर झाले.

पालकांनी काय करावे?

बाळाच्या झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे असते. झटके येणाऱ्या बाळाचे कपडे काढून उजेडात पूर्ण अंग पाहा, पांढरे डाग असतील तर स्वतःहून सांगा. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही दाखवता येते. घाटी असो की खासगी दवाखाना, प्रत्येक विभागाचे जुने कागद एकाच फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक भेटीला पूर्ण फाइल घेऊन जा. बोर्नव्हिल यांना मेंदू आणि मूत्रपिंडाचा संबंध दोन मुलांच्या शवविच्छेदनानंतर कळला. आज तो जिवंत बाळाच्या तपासणीत कळू शकतो.