द्राक्षमळ्यातील शास्त्रज्ञ : लुई पाश्चर

छत्रपती संभाजीनगरजवळच्या दौलताबादच्या द्राक्षांची नोंद इब्न बतूताने चौदाव्या शतकात करून ठेवली आहे. आज हा परिसर सीताफळांसाठी प्रसिद्ध आहे, आणि शहरालगतच्या वाळूजमध्ये बिअरचे मोठे कारखाने उभे आहेत. फळांच्या रसाचे मद्य होते, हे माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक होते. ते कशामुळे होते आणि कशामुळे बिघडते, हे मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणालाच नीट सांगता येत नव्हते. त्यामुळे वाइन विकणारा प्रत्येक जण नशिबाच्या भरवशावर असे. त्याला शास्त्राचा आधार दिला तो लुई पाश्चर यांनी. आपल्याकडे ते रेबीजच्या लशीमुळे परिचित आहेत; पण त्या लशीकडे नेणारी वाट द्राक्षमळ्यातून गेली होती.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. पुढे हे कुटुंब आर्बुआ या गावी स्थायिक झाले. हे गाव वाइनसाठीच नावाजलेले. वाइनच्या पिंपांत तळाशी जो क्षार साचतो, त्यापासून मिळणाऱ्या आम्लाच्या स्फटिकांवर पाश्चर यांनी १८४८ मध्ये संशोधन केले आणि ऐन पंचविशीत नाव मिळविले.

लील येथे प्राध्यापक असताना, १८५६ मध्ये, एका कारखानदाराने त्यांच्याकडे गाऱ्हाणे आणले. बीटच्या रसापासून तो अल्कोहोल काढी. पण काही पिंपांतील रस आंबट होऊन वाया जात होता. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा चांगल्या पिंपात यीस्टच्या गोल पेशी होत्या, तर बिघडलेल्यात वेगळेच बारीक जीव. रसातील साखरेचे अल्कोहोल करते ते जिवंत यीस्ट, आणि रस नासवितात ते दुसरे सूक्ष्मजीव, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

फ्रान्सच्या वाइन व्यापाराला त्या काळी मोठी खोट येत होती. परदेशी पाठविलेली वाइन वाटेतच आंबट, कडवट किंवा बुळबुळीत होई. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने १८६३ मध्ये हा प्रश्न पाश्चर यांच्याकडे सोपविला. ते आर्बुआला परतले, एका जुन्या कॅफेच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि गावातल्या कारागिरांकडून साहित्य बनवून घेतले. वाइनच्या प्रत्येक रोगामागे निराळा सूक्ष्मजीव आहे, हे त्यांना दिसून आले. उपाय साधा होता. हवेचा संपर्क टाळून वाइन ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवायची. तिची चव बिघडेल, अशी जाणकारांची धास्ती होती. तिच्या निरसनासाठी तापविलेली आणि न तापविलेली वाइन शेजारी ठेवून चाखण्याच्या परीक्षा झाल्या. १८६५ मध्ये त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले, पण ते सर्वांना खुले केले. १८६६ मध्ये त्यांचा वाइनवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

याच वर्षांत त्यांच्यावर आघातामागून आघात झाले. १८५९ ते १८६६ या काळात तीन मुली गेल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू अधू झाली. काम मात्र थांबले नाही.

पुढे कसोटीचा प्रसंग आला. क्लोद बर्नार्ड या थोर शास्त्रज्ञाच्या निधनानंतर, १८७८ मध्ये त्यांची टिपणे प्रसिद्ध झाली. यीस्टशिवायही द्राक्षरसात अल्कोहोल तयार होते, असा त्यांचा रोख होता. पाश्चर यांचे सारे प्रतिपादनच त्यामुळे पणाला लागले. आर्बुआजवळ त्यांचा स्वतःचा लहानसा द्राक्षमळा होता. यीस्ट द्राक्षांच्या सालीवर येण्यापूर्वीच त्यांनी काही वेलींवर काचघरे उभारली आणि काही घडांना कापूस गुंडाळला. द्राक्षे पिकल्यावर उघड्या घडांचा रस आंबला. झाकलेल्यांचा आंबला नाही. पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला रसही साखरेचे अल्कोहोल करतो, हे एडुआर्ड बुख्नर यांनी दाखविले. बर्नार्ड यांच्या शंकेत तथ्याचा अंश होता. पण ते विकरही यीस्टचीच निर्मिती होती.

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर वायनऱ्यांना चालना मिळाली. जांभूळ, सीताफळ यांची वाइन करू पाहणाऱ्यांना आपल्याकडे आधी परवाना लागतो. परवान्याइतकीच गरज असते ती स्वच्छ भांड्यांची, योग्य यीस्टची आणि हवाबंद साठवणुकीची. एकदा साधलेली चव प्रत्येक बाटलीत साधली, तरच छंदाचा व्यवसाय होतो. ते कसे साधावे, याचा पहिला धडा आर्बुआच्या त्या जुन्या कॅफेत गिरविला गेला.