ॲव्होगाड्रो : उशिरा लाभलेला न्याय

रसायनशास्त्राच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला एक गणित हटकून सोडवावे लागते. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्णपणे भाजली, तर शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणि एक वातावरण दाबाला किती कार्बन डायऑक्साइड मिळेल? उत्तर ठरलेले आहे : वजनाने ४४ ग्रॅम आणि आकारमानाने सुमारे २२.४ लिटर. वायू कोणताही असो, या स्थितीत त्याच्या एका मोलला जवळपास तेवढीच जागा लागते, हे विद्यार्थी पाठ करतो. परंतु ज्या गृहीतकावर हे गणित उभे आहे, त्याकडे विद्वज्जनांनी जवळजवळ अर्धे शतक पाठ फिरवली होती, ही गोष्ट त्याच्या वहीत उतरत नाही.

या गृहीतकाचे जनक आमेदेओ ॲव्होगाड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी इटलीतील तुरीन येथे एका सरदार घराण्यात झाला. कायदा हा कुळाचा व्यवसाय. त्यांनीही विसाव्या वर्षी धर्मसंस्थेच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवून वकिली आरंभली. मन मात्र गणित आणि भौतिकशास्त्र यांकडे ओढ घेत होते. १८०० च्या सुमारास त्यांनी या विषयांचा खासगी अभ्यास सुरू केला आणि १८०९ मध्ये व्हेर्चेल्ली येथे ते अध्यापक झाले. युरोपातील विज्ञानाच्या राजधान्यांपासून दूर असलेल्या या गावी राहून त्यांनी १८११ मध्ये आपला विख्यात निबंध एका फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केला.

त्या वेळी रसायनशास्त्रापुढे एक पेच होता. डाल्टन यांनी अणुसिद्धांत मांडला होता. गे-ल्युसॅक यांनी वायू परस्परांशी साध्या पूर्णांकी प्रमाणात संयोग पावतात, हे प्रयोगाने दाखविले होते. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांपासून दोन लिटर वाफ होते. समान आकारमानात समान कण मानले, तर ऑक्सिजनच्या एका कणापासून वाफेचे दोन कण झाले पाहिजेत; म्हणजे तो कण दुभंगला पाहिजे. अणू तर अविभाज्य! म्हणून डाल्टन यांनी गे-ल्युसॅक यांचा निष्कर्षच अमान्य केला. ॲव्होगाड्रो यांनी दोघांनाही खरे ठरविणारा मार्ग काढला. तापमान व दाब सारखे असता कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते; आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा असल्याने दुभंगतो तो रेणू, अणू नव्हे. यातून एक अनमोल साधन हाती आले. एक लिटर ऑक्सिजन एक लिटर हायड्रोजनच्या सुमारे सोळा पट भरत असेल, तर त्यांच्या रेणूंचे वजनही त्याच प्रमाणात असले पाहिजे. न दिसणाऱ्या रेणूंची तुलना साध्या तराजूवर होऊ लागली.

मग हे मान्य का झाले नाही? बर्झेलियस यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाच्या मते विरुद्ध विद्युतप्रभार असलेले अणूच एकत्र येऊ शकत. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू जोडले जाणे त्यांच्या उपपत्तीत बसत नव्हते. ॲव्होगाड्रो यांची परिभाषाही दुर्बोध होती आणि स्वतःच्या प्रयोगांचे पाठबळ अपुरे होते. सारा दोष विरोधकांवर ढकलणे न्याय्य होणार नाही. तथापि या उपेक्षेची किंमत मोठी होती. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे अणू किती, यावर एकमत नव्हते. ॲसिटिक आम्लासाठी तर केकुले यांनी आपल्या ग्रंथात प्रचलित अशी एकोणीस सूत्रे नोंदविली. प्रत्येक पेढीने आपले वेगळे वजनमाप वापरावे आणि व्यवहार मात्र एकाच बाजारात करावा, अशी ही अवस्था होती.

१८२० मध्ये ॲव्होगाड्रो यांना तुरीन विद्यापीठात गणिती भौतिकीचे अध्यासन मिळाले. परंतु १८२१ च्या उठावानंतरच्या राजकीय धामधुमीत ते गमवावे लागले आणि १८३४ मध्ये परत लाभले. प्रसिद्धीचा हव्यास नसलेला हा विद्वान ९ जुलै १८५६ रोजी निवर्तला, तेव्हा त्याचे गृहीतक मान्यतेवाचूनच होते.

अवघ्या चार वर्षांनी, सप्टेंबर १८६० मध्ये, कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे कान्नित्सारो यांनी आपल्या या देशबांधवाची बाजू मांडली. या गृहीतकाच्या आधारे अणुभार सुसंगतपणे कसे काढता येतात, हे दाखविणारी त्यांची पुस्तिका परिषदेत वाटली गेली. ती वाचून लोथार मायर यांची खात्री पटली. तेथे उपस्थित असलेल्या मेंडेलीव्ह यांच्या १८६९ च्या आवर्तसारणीलाही या नव्या अणुभारांचाच आधार मिळाला. एका मोलमधील कणांची संख्या ॲव्होगाड्रो यांनी स्वतः कधीच मोजली नव्हती. तिला त्यांचे नाव १९०९ मध्ये पेरँ यांनी सुचविले. २०१९ पासून मोलची व्याख्याच त्या संख्येच्या निश्चित मूल्यावर आधारलेली आहे.

सत्य आपल्या बळावर आपोआप विजयी होते, हा समज या चरित्रापुढे टिकत नाही. त्याला पुराव्याची जोड लागते, सुबोध मांडणी लागते आणि मांडणारा कोण, कुठला हे न पाहता ऐकून घेणारा समाज लागतो. वर्गात २२.४ हा आकडा फळ्यावर लिहिताना शिक्षकाने ही हकीकत चार वाक्यांत सांगितली, तरी सूत्राची निव्वळ घोकंपट्टी होणार नाही. तो आकडा कोणत्या शंकेतून आणि किती प्रतीक्षेनंतर आला, हे विद्यार्थ्याला कळणे हाही विज्ञानशिक्षणाचाच भाग होय.