हात का सुटत नाही? शॉक मोजणारा माणूस : चार्ल्स डालझील

उन्हाळ्यात ताडकळसला काकांच्या घरी गेलं की एक सूचना दरवर्षी ठरलेली असते : कुलरला हात लावायचा असेल तर आधी पायात चप्पल घाल. पत्र्याचा कुलर, खाली सांडलेलं पाणी आणि बोटांना झिणझिण्या. घरात सगळ्यांना याची सवय झालीय.

या वर्षी मी टेस्टर घेऊन अख्खं घर तपासलं. कुलरच्या थ्री-पिन प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, कापून टाकलेली होती, कारण एक्स्टेन्शन बोर्ड टू-पिनचा. दुकानाच्या लोखंडी शटरखाली बल्बची वायर दबून सोलली होती. काकांना मात्र काळजी नव्हती. मेन बोर्डात नवी एमसीबी बसवलीय, काही झालं तर ती पडेलच, असं त्यांचं म्हणणं.

गडबड इथेच आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरची एमसीबी माणसातून जाणाऱ्या करंटने पडत नाही. कारण माणसाला मारायला अँपिअर नाही, मिलिअँपिअर पुरतात. किती मिलिअँपिअर, हे ज्याने माणसांवर प्रयोग करून मोजलं, त्याची ही गोष्ट.

विजेच्या नोकरीतून वर्गात

चार्ल्स डालझील यांचा जन्म १९०४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला झाला. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री जवळच्याच बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून घेतली. काही वर्षं नोकरी केली आणि १९३२ मध्ये त्याच विद्यापीठात शिकवायला आले.

तेव्हा वीज घराघरात पोचत होती आणि तिच्यासोबत शॉकने होणारे मृत्यूही. लोक व्होल्टेजला घाबरायचे. पण शरीरावर परिणाम होतो तो त्यातून वाहणाऱ्या करंटचा, आणि तो किती वेळ वाहिला याचा. हे मोजायचं कसं? डालझील यांनी स्वयंसेवकांनाच बोलावलं.

हात सुटण्याची मर्यादा

प्रयोग ऐकायला साधा आहे. स्वयंसेवकाने ओल्या हातात तांब्याची तार धरायची. करंट हळूहळू वाढवायचा आणि प्रत्येक वेळी तार सोडून दाखवायची. एक टप्पा असा येतो की हातातले स्नायू आखडतात, मूठ घट्ट मिटते आणि सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. आपण म्हणतो ना, करंटने धरून ठेवलं! खरं तर करंट धरत नाही, आपलाच हात तारेला धरून ठेवतो.

१३४ पुरुष आणि २८ स्त्रियांवर हे मोजमाप झालं. हात सुटण्याची सरासरी मर्यादा पुरुषांमध्ये साधारण १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांमध्ये १०.५. पण सरासरीवर सुरक्षा ठरवता येत नाही, कारण सरासरीच्या खालचीही माणसं घरात असतात. जवळजवळ प्रत्येकाचा हात सुटेल अशी पातळी त्यांनी काढली : पुरुषांसाठी ९ आणि स्त्रियांसाठी ६ मिलिअँपिअर. तुलनेसाठी सांगतो, ९ वॉटचा एलईडी बल्बसुद्धा निदान ४० मिलिअँपिअर घेतो.

यापुढचा प्रश्न हृदयाचा होता. तो प्रयोग माणसावर करणं शक्यच नव्हतं. म्हणून प्राण्यांवरच्या प्रयोगांचे आकडे घेऊन त्यांनी सूत्र मांडलं. ५० किलो वजनाच्या माणसाच्या हृदयाचे ठोके बिघडायला १ सेकंदासाठी ११६ मिलिअँपिअर धोक्याचे, पण पाव सेकंदच वाहिला तर ही मर्यादा दुप्पट होते. म्हणजे वीज जितक्या लवकर तुटेल, तितकी वाचण्याची शक्यता जास्त. विजेच्या सबस्टेशनचं अर्थिंग डिझाइन करताना हे सूत्र आजही वापरतात.

१९६१ : मोजमापातून डबी

आता मर्यादा कळली होती. इतका बारीक करंट पकडून वीज तोडणारं यंत्र हवं होतं. फरकाचा करंट पकडायची कल्पना युरोप आणि दक्षिण आफ्रिकेतही पुढे येत होती. डालझील यांनी १९६१ मध्ये घरगुती वापराचं छोटं यंत्र तयार केलं आणि १९६५ मध्ये त्याचं पेटंट मिळालं.

तत्त्व अगदी सोपं आहे. फेज आणि न्यूट्रल, दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून जातात. जितका करंट गेला तितकाच परत आला, तर दोघांचा परिणाम शून्य होतो. पण थोडा करंट कुलरच्या पत्र्यातून, तुमच्या अंगातून जमिनीत गेला की हिशोब जुळत नाही. कड्याला तो फरक कळतो आणि स्विच पडतो. डालझील यांनी यासाठी ५ मिलिअँपिअरची मर्यादा धरली. वरचा ६ चा आकडा आठवा, म्हणजे का ते कळेल.

अमेरिकेच्या वायरिंग नियमांत हे यंत्र टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. सुरुवात पोहण्याच्या तलावातल्या दिव्यांपासून झाली, मग १९७५ मध्ये बाथरूम, १९७८ मध्ये गॅरेज आणि १९८७ मध्ये स्वयंपाकघर. जिथे पाणी किंवा ओली जमीन, तिथे ते हवंच. तिकडे घर विकत घेण्याआधी तपासणारे लोक आजही हे बटण दाबून बघतात. डालझील १९८६ मध्ये गेले.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे हेच काम आरसीसीबी करते. घरासाठी ती ३० मिलिअँपिअरची घ्यायची. इतक्या करंटला हात कदाचित सुटणार नाही, पण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीजच जाते. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. ती एमसीबीच्या जागी नाही, सोबत लागते. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला आणि जमिनीत करंट गेला नाही, तर तिलाही काही कळत नाही.

काकांकडे वायरमनला बोलावून आरसीसीबी बसवली, थ्री-पिन बोर्ड लावला, अर्थिंग जोडलं. कुलर चालू केला आणि क्षणात सगळं घर बंद! काकांना वाटलं नवीन डबी खराब निघाली. वायरमनने कुलर उघडला, तर पंपाची वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती. म्हणजे इतकी वर्षं चप्पलच तेवढी मध्ये होती.

आज घरी गेलात की मेन बोर्ड उघडून बघा. टी किंवा टेस्ट लिहिलेलं छोटं बटण दिसतंय का? असेल तर दाबा, वीज गेली पाहिजे. महिन्यातून एकदा दाबत जा. गेली नाही, किंवा बटणच नसेल, तर स्वतः बोर्ड खोलू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा. आणि कुलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.